लिहायची हौस असलेला माणूस लिहायचं का टाळतो?

श्रावण लागला की माझे फोन सुरू होतात. मालवणजवळच्या आमच्या गावातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाचं काम मी गेली अकरा वर्षं बघते. गणपतीआधी मजकूर हाती आला तर अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं आणि छपाई दसऱ्यापर्यंत उरकते. म्हणून मी एकेकाला फोन लावते, आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "उद्या पाठवतो." ही माणसं खोटारडी नाहीत. ते म्हणतात तेव्हा त्यांना खरोखरच उद्या पाठवायचं असतं.

यंदा वेंगुर्ल्याच्या एका कथालेखकाला फोन लावला तर तो त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाली, "ताई, आता तुम्हीच सांगा. ह्यांना गोष्टीशिवाय दुसरं काही सुचत नाही. बाजारात मासे घेताना पण गोष्टच सांगतात. मग बसून लिहीत का नाहीत? गेल्या आठवड्यात माळा साफ केला. काल शेजाऱ्यांचा पंप उघडून बसले होते. हा कसला आळस म्हणायचा?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. लेखकाच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो, आणि खुद्द लेखकाला तर रोजच. गेल्या काही दशकांत या विषयाचा मानसशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. फोनवर मला पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

## हा आळस नव्हे

आधी शब्द पक्का करू. चालढकल म्हणजे जे काम आपणच करायचं ठरवलं आहे, जे लांबवलं तर आपलंच नुकसान होणार हे पक्कं ठाऊक आहे, ते काही कारण नसताना पुढे ढकलणं. यातलं 'नुकसान ठाऊक असणं' महत्त्वाचं. घरात कोणी आजारी पडलं म्हणून लेख बाजूला ठेवला तर ती चालढकल नाही. लेखासाठी कोणाला भेटायचं आहे आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात गावी येणार आहे म्हणून थांबलात, तर तीही नाही.

आळशी माणसाला काम करायचंच नसतं, आणि न केल्याचं दुःखही नसतं. चालढकल करणारा तर दिवसभर राबत असतो. माळा साफ करणं हे काही बसून करायचं काम नाही. शिवाय त्याला आतून सतत बोचत असतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला त्या न लिहिलेल्या गोष्टीचीच आठवण येते.

हा फरक आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या २८व्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणं सांगितली आहेत. त्यात 'अलस' हा वेगळा शब्द आहे आणि 'दीर्घसूत्री', म्हणजे काम लांबवत नेणारा, हा वेगळा. दीर्घसूत्रीच्या अगदी शेजारी शब्द आहे 'विषादी', म्हणजे खिन्न. आजचे संशोधकही चालढकलीची सांगड आळसाऐवजी मनाच्या अवस्थेशीच घालतात.

## मग पळतो कशापासून?

वैशाखात भर दुपारी तारकर्लीच्या वाळूवर अनवाणी पाय ठेवून बघा. पाय भाजला की माणूस थेट सुरूच्या झाडांच्या सावलीकडे धाव घेतो. तो आधी विचार करत नाही आणि सावलीत पोचल्यावर त्याला जे हायसं वाटतं ते अगदी खरं असतं. दुसऱ्या दिवशी वाळू दिसली की पाय आपोआप आखडतो, मग ती त्या दिवशी तापलेली असो वा नसो.

कोऱ्या कागदापुढे हेच घडतं. वही उघडली की एक अप्रिय भावना येते. ती कधी भीती असते, कधी कंटाळा, कधी 'आपल्याला जमणार नाही' ही शंका, कधी नुसताच गोंधळ. वही मिटली की ती भावना त्याच क्षणी ओसरते. मनाला सुटल्यासारखं वाटतं, आणि मन ही सुटका लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी वही दिसताच ते आधीच सावली शोधू लागतं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हा मुद्दा नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही. आत्ता, या घडीला बरं वाटावं म्हणून मन करत असलेली ती डागडुजी आहे. तिची किंमत उद्याच्या आपल्याला मोजावी लागते, आणि उद्याचा 'मी' आपल्याला थोडा परकाच वाटतो. त्याच्या डोक्यावर काम टाकताना फारसं वाईट वाटत नाही.

म्हणून नवी रोजनिशी, भिंतीवरचं वेळापत्रक, मोबाइलमधले गजर यांचा उपयोग थोडाच दिवस होतो. पाय भाजतोय म्हणून पळणाऱ्या माणसाच्या हातात घड्याळ दिल्यासारखं ते आहे.

## लेखनाच्याच बाबतीत एवढं का?

पंप दुरुस्त करताना तोच लेखक तीन तास मान वर करत नाही, मग गोष्टीपुढे तीन मिनिटांत का उठतो, हा प्रश्न त्यांच्या बायकोने विचारला नाही, पण तोच खरा कळीचा आहे.

पियर्स स्टील यांनी २००७ साली तोवर झालेल्या चालढकलीवरच्या शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. त्यातून दिसलं की काम जितकं नकोसं वाटतं, त्याचं फळ जितकं लांब असतं, आपल्याला जमेल हा भरवसा जितका कमी असतो आणि माणूस जितका उतावळा असतो, तितकी चालढकल जास्त होते. लेखनाला हे माप लावून बघा. पंपात कचरा अडकलेला डोळ्यांना दिसतो. तो निघाला की पाणी येतं, शेजारी चहा पाजतो, आणि काम 'झालं' हे सगळ्यांना कळतं. गोष्टीत नेमकं काय अडकलं आहे ते दिसत नाही. फळ मिळालंच तर दिवाळीत मिळणार. आणि काम झालं की नाही हे ठरवायला आपल्या शंकेखोर मनाशिवाय दुसरं कोणी नाही.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पंप नाही जमला तर आपण म्हणतो, 'आपला तो धंदा नव्हे.' गोष्ट नाही जमली तर? ज्याने आयुष्यभर स्वतःला मनातल्या मनात लेखक मानलं आहे त्याला ते सोसवत नाही. न लिहिलेली गोष्ट अजून उत्तम असू शकते. लिहिलेली गोष्ट जशी आहे तशी समोर येते.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. "मी परिपूर्णतेचा आग्रह धरतो म्हणून माझं लिखाण रखडतं," असं पुष्कळ लेखक सांगतात. स्टील यांच्या छाननीत मात्र उच्च अपेक्षा आणि चालढकल यांचा संबंध अगदीच फिका निघाला. उत्तम लिहायची इच्छा माणसाला अडवत नाही. अडवते ती पहिल्याच बैठकीत उत्तम उतरलं पाहिजे ही अट.

आमच्या शेजारच्या काकी दर मे महिन्यात सोलं, म्हणजे आमसुलं, करतात. रतांबे फोडून साली वेगळ्या काढायच्या. गर आणि बियांना मीठ लावलं की रस सुटतो, त्यात साली बुडवून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी त्या उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. असं कितीतरी दिवस. पहिल्या दिवशीची साल लालसर, लिबलिबीत, हाताला चिकटणारी असते. ती बघून कोणी म्हणणार नाही की यातून पुढे काळंभोर सोल होणार आहे. मी एकदा सुपातल्या त्या ओल्या साली बघून म्हटलं, "काकी, यंदा नीट झाली नाहीत वाटतं." त्या हसल्या. "एका उन्हात सोलां होतत काय गो?"

पहिला खर्डा ही पहिल्या उन्हातली साल आहे. लिहिणारे आपण तिच्याकडे बघतो, हाताला चिकटलेला रस पुसतो आणि ठरवून टाकतो की आपल्याला सोलं येत नाहीत.

## जे टाळणं कामासारखं दिसतं

आता सगळ्यात फसवा भाग. मला यावर जरा जास्त बोलायचं आहे, कारण मी स्वतः यात तीन वर्षं घालवली.

माळा साफ करणारा निदान मनात ओळखून असतो की आपण टाळतोय. पण लेखकाकडे टाळण्याचे असे प्रकार असतात की ते कुणालाही, अगदी त्यालासुद्धा, कामच वाटावेत. संदर्भ गोळा करणं, आणखी एक पुस्तक मागवणं, नवी वही आणणं, टंक बदलून बघणं, पहिल्या परिच्छेदातले ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासणं, लेखनावरची भाषणं ऐकणं, आणि मित्राला सगळी गोष्ट तोंडी सांगून टाकणं. यातलं शेवटचं मला सगळ्यात घातक वाटतं. सांगताना समोरच्याची दाद मिळते, आणि लिहायची तहान तिथेच भागते.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक 'रामदास' बोटीवर लेख लिहिणार आहेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सरांकडे कात्रणं आहेत, नकाशे आहेत, त्या काळच्या आगबोटींची माहिती आहे, दोन जाड फायली भरल्या आहेत. दर वर्षी ते मला सांगतात की आणखी एक धागा मिळाला आहे. तो धागा खराच असतो. पण लेखाचं पहिलं वाक्य अजून कागदावर आलेलं नाही. मला वाटतं, ते वाक्य लिहिलं की त्या पाण्यात उतरावं लागणार, बुडणाऱ्या माणसांच्या मधोमध, आणि फायली त्यांना काठावर ठेवतात.

हे मी खात्रीने म्हणू शकते, कारण माझंही तेच झालं. माझे वडील एसटीत वाहक होते. ते गेल्यावर त्यांच्यावर लिहायचं मी ठरवलं. पहिल्या वर्षी एसटीचा इतिहास वाचला. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, इथपासून सगळं टिपून ठेवलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जुन्या मार्गांची यादी केली, आगारात जाऊन त्यांच्या सहकाऱ्यांना भेटले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या तिकिटांच्या पेटीचा फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढला. तीन दिवाळ्या गेल्या. विचारणाऱ्याला मी सांगायचे, "काम चालू आहे."

खरं असं होतं की शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावलं होतं, मी मुंबईत होते, आणि मी म्हटलं होतं, "पुढच्या आठवड्यात येते." लेख कुठूनही सुरू केला तरी तो या वाक्यापाशी येणार होता. मी एसटीच्या इतिहासाआड लपले होते.

कुठलं काम खरं आणि कुठलं लपणं, हे ओळखायला मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते. हे केलं नाही तरी आज एखादा परिच्छेद लिहिता येईल का? उत्तर 'हो' असेल तर ते वाचन, ती भेट, तो फोटो नंतरही चालेल. सरांना 'रामदास'ची नेमकी वेळ ठाऊक नसतानाही बंदरावरच्या गर्दीचं वर्णन लिहिता आलं असतं. मलाही पेटीचा फोटो नसताना पेटीविषयी लिहिता येत होतं. ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं होती.

## "पण मला शेवटच्या क्षणीच सुचतं"

हा आक्षेप मला दर वर्षी ऐकू येतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. तारीख अगदी गळ्याशी आली की संपादकाला तोंड दाखवायची भीती कोऱ्या कागदाच्या भीतीपेक्षा मोठी होते. मोठी भीती लहान भीतीला ढकलते आणि हात चालू लागतो. त्याला आपण 'सुचणं' म्हणतो.

डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा खुशीत होती, त्यांना ताण कमी होता, ती आजारीही कमी पडत होती. सत्र संपताना चित्र उलटलं. त्यांचा ताण आणि आजारपण इतरांपेक्षा वाढलं, आणि एकूण हिशेबात सुरुवातीची सगळी कमाई पुसली गेली. गुणही कमी पडले. 'दबावाखाली माझं काम उत्तम होतं' याला त्यात आधार मिळाला नाही.

संपादक म्हणून मला आणखी एक दिसतं. शेवटच्या रात्री लिहून आलेल्या कथा ओळखू येतात. सुरुवातीची चार पानं संथ आणि शेवट दीड परिच्छेदात. पात्रं घाईघाईने मरतात. आणि ज्या कथा त्या रात्रीही झाल्या नाहीत, त्या कुणी मोजतच नाही.

तारखा मात्र उपयोगी आहेत, एकच मोठी असण्यापेक्षा छोट्या छोट्या असल्या तर. डॅन एरिएली आणि क्लाउस व्हर्टनब्रोख यांच्या २००२ सालच्या प्रयोगात माणसांना चुका शोधण्यासाठी तीन मजकूर दिले होते, म्हणजे मुद्रितशोधनाचंच काम. ज्यांना तीन मजकुरांसाठी समान अंतराने तीन तारखा दिल्या त्यांनी सर्वाधिक चुका शोधल्या आणि उशीरही सर्वांत कमी केला. ज्यांनी आपापल्या तारखा ठरवल्या ते मध्ये राहिले. सगळं शेवटच्या एका तारखेला द्यायचं होतं ते मागे पडले. तेव्हापासून मी लेखकांना एक तारीख देत नाही. पहिलं पान अमुक दिवशी, अर्धी कथा अमुक दिवशी, असं मागते. काहींना राग येतो. येऊ दे.

## "चार दिवसांचं तर काम आहे"

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून गणपतीला निघालेला प्रत्येक चाकरमानी फोनवर सांगतो, "पहाटे निघतो, दुपारी जेवायला घरी." गेल्या वर्षी किती वाजले होते ते त्याला पाठ असतं. तरीही यंदाचा हिशेब तो रिकाम्या रस्त्यावरचाच करतो.

याला डॅनिएल काहनेमन आणि एमॉस त्व्हर्स्की यांनी १९७९ साली नियोजनातली गफलत असं नाव दिलं. काम करताना किती वेळ लागेल हे आपण मनातल्या आदर्श चित्रावरून ठरवतो, मागच्या अनुभवावरून ठरवत नाही. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, या प्रश्नाचं उत्तर ४९ दिवसांच्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ दिवस. म्हणजे त्यांनी वाईटात वाईट म्हणून जे गृहीत धरलं, त्यापेक्षाही जास्त.

'चार दिवसांचं काम' समजून शेवटचे चार दिवस राखून ठेवणारा लेखक म्हणूनच अडकतो. मागच्या कथेला किती बैठका लागल्या ते एका कागदावर लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी तोच आकडा धरता येतो.

## "मूड लागल्याशिवाय कसं लिहिणार?"

रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ साली २७ प्राध्यापकांचे तीन गट करून हे तपासलं. एका गटाला सांगितलं, अगदीच निकड नसेल तर लिहू नका, सुचलेल्या कल्पना नुसत्या टिपा. दुसऱ्याला सांगितलं, मन होईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरलेल्या दिवशी लिहिणं बंधनकारक होतं. तिसऱ्या गटाने जास्त पानं लिहिली यात नवल नाही. नवल हे की नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या, साधारण रोज एक. मन होईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक. सुचल्यावर लिहायचं असं आपण समजतो, पण बऱ्याचदा लिहू लागल्यावर सुचतं. दापोलीजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या.

## "माझा विचार चालू असतो"

हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण काही वेळा तो शंभर टक्के खरा असतो. लेखनाला पडीक काळ लागतो.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. बाहेरून आलेल्याला वाटेल की बंदर झोपलं आहे. पण पडवीत डोकावा. जाळ्यांची भोकं शिवणं चालू असतं, इंजिन उघडलेलं असतं, दोर नवे वळलेले असतात. आणि मुख्य म्हणजे बंदीला शेवटचा दिवस असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून माणसं कामाला लागतात.

तुमच्या थांबण्याला शेवटचा दिवस आहे का, आणि त्या काळात काही शिवलं जातं आहे का, एवढं बघा. खरोखर मुरत असलेली गोष्ट मधूनमधून काहीतरी देते. एखादं नाव, एखादा संवाद, वहीत एक ओळ. तीन महिने 'विचार चालू' आहे आणि वहीत एक शब्द नाही, तर होडी नुसती झाकून ठेवली आहे.

## ज्यांना हे लागू नाही

आमच्या अंकात लिहिणाऱ्या एका बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत, आणि पर्यटकांच्या दोन खोल्या त्याच सांभाळतात. त्यांची कथा दोन वर्षं आली नाही. त्यांना कोणी चालढकल करणारी म्हटलं तर मला संताप येईल. वेळ आणि उसंत नसणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मन बदलण्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या कोणी भांडी घासली पाहिजेत.

तसंच, लेखनच नव्हे तर कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आठवडेच्या आठवडे सगळं निरस वाटतं आहे, असं असेल तर ते डॉक्टरांशी बोलायचं दुखणं आहे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येतं.

## मग करायचं काय?

मुळात भावना टाळली जाते आहे हे मान्य केलं, तर उपाय तिथेच शोधावा लागतो. वाळू इतकी तापलेली असताना धावत जायचं धैर्य कुठून आणू, असा विचार करण्यापेक्षा सकाळी जावं, चार पावलं जावं.

वडिलांवरचा लेख मी शेवटी असाच सुरू केला. ठरवलं की लेख लिहायचा नाही. दहा मिनिटं, फक्त आवाज लिहायचा. वडील गर्दीतून पुढे सरकताना तिकिटाचा पंच गाडीच्या दांड्यावर वाजवायचे. टिक टिक, टिक टिक. चौथीत असताना त्यांच्या गाडीतून जाताना मला वाटायचं की त्या आवाजाने गाडी चालते. एवढंच लिहिलं. सात ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी पेटीतल्या तिकिटांचे रंग लिहिले. पंधराव्या-सोळाव्या दिवशी 'पुढच्या आठवड्यात येते' हे वाक्य आलं, आणि तोवर मी त्याच्या इतकी जवळ गेले होते की उठून पळाले नाही. रडले, पण लिहिलं.

काम लहान करणं म्हणजे हे. 'कथा लिहायची' हे कुणालाही घाबरवेल. 'विहिरीचं वर्णन चार ओळींत' याने कोणी घाबरत नाही. त्याला वेळ आणि जागा बांधून टाकली तर आणखी बरं. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली दाखवून दिलं की 'मी लिहीन' या संकल्पापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा संकल्प कितीतरी जास्त वेळा पुरा होतो. 'सकाळचा चहा संपला की कप तिथेच ठेवून वही उघडीन' असं ठरवलं की रोज नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. उतावळेपणाचा चालढकलीशी संबंध आहे हे वर आलंच, आणि खिशातल्या मोबाइलइतकी जवळची सावली दुसरी नाही.

आणि स्वतःला शिव्या घालणं थांबवायला हवं. हे ऐकायला लाड वाटतात, म्हणून सांगते. २०१० साली मायकल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकारी बेनेट यांनी परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांचा माग घेतला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. कारण सरळ आहे. स्वतःला जितकं झोडपाल, तितकी ती वही दिसताच वाईट वाटणार, आणि जितकं वाईट वाटेल तितके पाय सावलीकडे वळणार. घरच्यांनी "झालं का लिहून?" असं दहादा विचारल्यानेही हेच होतं. वाळू आणखी तापते.

वेंगुर्ल्याच्या त्या लेखकांना मी गोष्ट मागणं थांबवलं. म्हटलं, मला मोबाइलवर चार ओळी पाठवा, गोष्टीतल्या कुठल्याही, मधल्यासुद्धा. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या. पडक्या घराच्या मागची विहीर, रहाटाला गुंडाळलेला सुंभ, आणि पाण्यावर पडलेलं फणसाचं पान. मी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "मग त्या विहिरीवर कोण आलं?"

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला सात ओळी आल्या. विहिरीवर त्यांची आत्या आली होती, हातात रिकामी कळशी घेऊन. परवा अकरा ओळी. आत्या अजून विहिरीवरच उभी आहे. अंकात तिच्यासाठी मी आठ पानं मोकळी ठेवली आहेत.